पाळी चुकण्याआधीचे दिवस

1992 ते 1995 या काळात डेन्मार्कमधल्या चार कामगार संघटनांच्या सभासदांना एक पत्र आलं. धातुकामगार, कचेऱ्यांतले कर्मचारी, परिचारिका आणि पाळणाघरांत काम करणारे यांच्या या संघटना. पत्र पाठवलं होतं ते 20 ते 35 वयाच्या, जोडीदारासोबत राहणाऱ्या आणि अजून मूल नसलेल्या सभासदांना. विचारणा साधी होती. पहिल्या मुलाचा विचार करत असाल आणि त्यासाठी गर्भनिरोधक साधनं बंद करणार असाल, तर आमच्या अभ्यासात सहभागी व्हाल का? एकूण 52,255 पत्रं टपालात पडली. त्यांतून मिळाली 430 जोडपी.

शंभर पत्रांमागे एक जोडपंही नाही. तरी संशोधकांनी हा खटाटोप केला, कारण त्यांना हवी असलेली माणसं कुठल्याच दवाखान्याच्या बाकावर भेटत नाहीत. मूल हवं असं नुकतंच ठरवलेलं जोडपं आजारी नसतं. ते डॉक्टरकडे जात नाही आणि बहुतेक वेळा घरातल्यांनाही काही सांगत नाही. स्त्री दवाखान्यात येते ती पाळी चुकल्यावर, म्हणजे गर्भ रुजून काही दिवस उलटल्यावर. किंवा वर्ष-दोन वर्षं वाट पाहून, थकून येते. या दोन्हींच्या अलीकडचा काळ विज्ञानाच्या नजरेआड राहिला होता.

आणि नेमकं तिथेच बरंच काही घडत असतं. दर महिन्याला गर्भ राहण्याची शक्यता किती, ती कशाने वाढते, कशाने घटते, राहिलेला गर्भ किती वेळा कुणाला कळायच्या आत निघून जातो, हे सगळं त्याच काळात ठरतं. अभ्यास गरोदर स्त्रियांपासून सुरू केला तर ज्यांना दिवसच गेले नाहीत त्या पहिल्याच पायरीवर गळतात. पहिल्या महिन्यात गरोदर राहिलेली आणि अकराव्या महिन्यात राहिलेली एकाच रांगेत बसतात. फक्त उत्तीर्ण मुलांना विचारून परीक्षा किती अवघड होती हे ठरवावं, तसा हा प्रकार. म्हणून आधी विचारायला हवं, आणि आधी विचारायचं तर माणसं आधी शोधायला हवीत. मानवी जीवनाच्या सुरुवातीविषयी आपल्याला आज जे माहीत आहे, ते या शोधाच्या इतिहासातून आलं आहे.

या इतिहासाची सुरुवात फार मागे जात नाही. सस्तन प्राण्यातलं बीजांड कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी ओळखलं ते 1827 साली. पण स्त्रीच्या शरीरात ते महिन्याच्या कोणत्या दिवसांत बाहेर पडतं, याचा नीट अंदाज यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागली. जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेरमान क्नाउस हे दोघे 1920 च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अंडमोचन पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी होतं या निष्कर्षाला आले. तोवर पाळीच्या लगतचे दिवसच गर्भधारणेला अनुकूल, असं कित्येक डॉक्टरही समजत होते आणि तसाच सल्ला देत होते.

पण बीज फळल्यानंतरचे पहिले दोन आठवडे कुणीच पाहिले नव्हते. ते पाहण्याचा मोठा प्रयत्न 1938 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सुरू झाला. ब्रुकलाइन गावातल्या फ्री हॉस्पिटल फॉर विमेन या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक आणि विकृतिशास्त्रज्ञ आर्थर हर्टिग यांनी एक अवघड योजना आखली. ज्या स्त्रियांचं गर्भाशय वैद्यकीय कारणासाठी काढावंच लागणार होतं, त्यांना शस्त्रक्रियेआधी पाळीच्या आणि शरीरसंबंधाच्या तारखा लिहून ठेवायला सांगितलं. शस्त्रक्रिया अंडमोचनानंतरच्या दिवसांत ठेवली. काढलेल्या गर्भाशयात आणि नलिकांत, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतक्या आकाराचा गर्भ सापडतो का, हे हर्टिग शोधत. पंधराएक वर्षं हे काम चाललं. 210 स्त्रियांच्या अभ्यासातून 34 गर्भ मिळाले. सर्वांत लहान काही दिवसांचा, सर्वांत मोठा सतरा दिवसांचा. बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेच्या गर्भविज्ञान विभागात त्यांचे काप आणि चित्रं तयार झाली. वैद्यकाच्या पुस्तकांत पहिल्या दोन आठवड्यांची जी चित्रं पिढ्यान् पिढ्या छापली गेली, त्यांचा आधार हे गर्भ होते. त्यांतले काही सदोष होते, आणि ते पुढे टिकले नसते हे हर्टिग यांच्या लक्षात आलं. सुरुवातीलाच इतकं काही गळून जातं, याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा.

आजच्या नीतिनियमांच्या कसोटीला हा अभ्यास उतरला नसता. त्या स्त्रियांची नावं कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. पण तारखा त्यांनी लिहिल्या होत्या. त्या नोंदी नसत्या तर कोणता गर्भ किती दिवसांचा हे कुणालाच सांगता आलं नसतं.

पुढची उडी प्रयोगशाळेत पडली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये झेलमार आशहाइम आणि बर्नहार्ट झोंडेक यांनी स्त्रीची लघवी उंदराच्या पिल्लाला टोचून गर्भ आहे की नाही हे सांगणारी चाचणी शोधली. एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाची ती पहिली चाहूल. ही चाचणी मात्र पाळी चुकल्यावरच उपयोगाची होती. 1972 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जुडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी एचसीजी इतर संप्रेरकांत मिसळू न देता, अगदी थोड्या प्रमाणातही मोजण्याची पद्धत सिद्ध केली. आता पाळी चुकायच्या आधीही गर्भाचा माग काढता येणार होता. प्रश्न उरला तो माणसांचा. आपल्याला दिवस गेलेत हे ठाऊक नसताना रोज नमुना देणार कोण?

नॉर्थ कॅरोलायनातल्या 221 स्त्रियांनी तो दिला. ॲलन विल्कॉक्स, क्लॅरिस वाइनबर्ग आणि डोना बेअर्ड हे तिथल्या राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संस्थेचे शास्त्रज्ञ. 1982 पासून त्यांनी आसपासच्या वस्तीतून अशा स्त्रिया शोधल्या, ज्या मूल हवं म्हणून गर्भनिरोधक साधनं बंद करणार होत्या. साधनं बंद केल्या दिवसापासून रोज सकाळची पहिली लघवी छोट्या बाटलीत भरायची, घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायची आणि रक्तस्राव कधी, संबंध कधी, हे एका कार्डावर लिहायचं. जास्तीत जास्त सहा महिने, आणि गर्भ राहिलाच तर आठव्या आठवड्यापर्यंत. रोज उठून हे करणं किती चिकाटीचं काम आहे, ते ज्या घरात मुलाची वाट पाहिली गेली आहे तिथल्या माणसांना सांगावं लागणार नाही. प्रत्येक बाटलीबरोबर आशा होती आणि प्रत्येक पाळीबरोबर ती मोडत होती.

1988 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. 707 मासिक चक्रांत 198 गर्भ राहिले होते. त्यांतले 22 टक्के गर्भ स्त्रीला किंवा डॉक्टरला कळायच्या आतच गेले. पुढे कळून गेलेले गर्भ धरले तर एकूण 31 टक्के टिकले नाहीत. पाळी चार दिवस पुढे गेली, मग जरा जास्त अंगावरून गेलं, एवढंच ज्यांच्या आठवणीत राहतं, त्यांपैकी काहींच्या बाबतीत प्रत्यक्षात गर्भ राहून गेलेला असतो, हे इथे मोजून दाखवलं गेलं.

याच लेखात आणखी एक वाक्य होतं, आणि माझ्या मते ते तितक्याच ठळक अक्षरांत सांगायला हवं. असा न कळता गेलेला गर्भ ज्या स्त्रियांच्या वाट्याला आला, त्यांतल्या 95 टक्के स्त्रियांना पुढच्या दोन वर्षांत दिवस राहिले आणि ते डॉक्टरांच्या तपासणीत सिद्धही झाले. म्हणजे सुरुवातीचं जाणं हा दोष नव्हता, शिक्षा नव्हती, त्या बाईने जिना चढला किंवा पपई खाल्ली म्हणून झालेलं नव्हतं. ती माणसाच्या पुनरुत्पादनाची नेहमीची रीत आहे.

त्याच बाटल्यांमधून आणखी उत्तरं निघाली. 1995 मध्ये कळलं की गर्भ राहण्याजोगे दिवस सहा असतात. अंडमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्यानंतरच्या दिवसांत शक्यता जवळजवळ उरत नाही. 1999 मध्ये कळलं की टिकलेल्या बहुतेक गर्भांनी अंडमोचनानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी गर्भाशयात मूळ धरलं होतं. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत लवकर जाण्याचं प्रमाण 13 टक्के, दहाव्या दिवशी 26, अकराव्या दिवशी 52 आणि त्यानंतर 82. आणि 2000 साली कळलं की दहावा ते सतरावा दिवस हे जे सूत्र स्त्रियांना सांगितलं जातं, त्यात जेमतेम 30 टक्के स्त्रियांचे सुफल दिवस पूर्णपणे बसतात. अठ्ठावीस दिवसांचं चक्र छापील तक्त्यात असतं. बायकांची शरीरं वेगवेगळ्या तारखा पाळतात.

एवढं सगळं 221 स्त्रियांनी दिलं. पण त्या बहुतांशी गोऱ्या होत्या आणि महाविद्यालयात शिकलेल्या होत्या. शिवाय दारू, सिगारेट, वजन, औषधं, कामाच्या पाळ्या यांचा परिणाम मोजायला काहीशे माणसं पुरत नाहीत. डेन्मार्कमधली ती 52 हजार पत्रं याच अडचणीतून निघाली होती.

याच सुमारास पुण्याजवळ सहा खेड्यांत, टपालाचं तिकीट न लावता, हेच काम वेगळ्या रीतीने चाललं होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांनी 1993 मध्ये पुणे माता पोषण अभ्यास सुरू केला. दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची त्यांनी गर्भधारणेपूर्वीच नोंद केली. क्षेत्रसेविका दर महिन्याला दारात जाऊन पाळीची तारीख विचारत. इथे अर्जाची वाट पाहिली गेली नाही. स्त्री शेतावर असो की चुलीपुढे, तिच्यापर्यंत कुणीतरी चालत गेलं.

त्यातून 797 गरोदर स्त्रियांच्या आहाराचा आणि बाळांच्या मापांचा ताळा मिळाला. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास होतं. आई किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाते, याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध फारसा दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जितक्या वेळा ताटात येतात, त्याच्याशी दिसला. पुढे याज्ञिकांच्या गटाने आईच्या शरीरातलं बी-12 जीवनसत्त्व आणि मुलांची मधुमेहाकडे जाणारी प्रकृती यांचा धागा दाखवला. 2012 पासून त्यांनी याच अभ्यासात जन्मलेल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-12 देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहायला घेतलं. एका गर्भाची गोष्ट दुसऱ्या गर्भाच्या आधीपासून पाहणारे असे अभ्यास जगात मोजके आहेत, आणि त्यांतला एक आपल्या हद्दीत आहे.

मुंबईच्या झोपडवस्त्यांतही असंच काम झालं. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी 6,500 हून अधिक स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला, मूल राहण्याच्या आधीपासून रोज, पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला ही पोषकद्रव्यं कमी असलेला खाऊ दिला. एकूण हिशेबात बाळांच्या वजनात खात्रीचा फरक पडला नाही. पण ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खायला सुरुवात केली, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरलं. गरोदरपणातला मधुमेह तुलनागटात 12.4 टक्के होता, तो पहिल्या गटात 7.3 टक्क्यांवर आला. गरोदरपणाची काळजी गरोदरपणाच्या आधी सुरू व्हायला हवी, हे आपल्याकडच्या बायकांनीच सिद्ध करून दिलं.

पण दारोदार जाणारी माणसं, वर्षानुवर्षांचा निधी आणि गावाचा विश्वास या गोष्टी सगळीकडे जमवता येत नाहीत. पत्रांचा मार्ग महाग आणि संथ. मग 2007 च्या जूनमध्ये डेन्मार्कमध्येच एक नवा मार्ग उघडला.

आरहूस विद्यापीठातल्या एलेन मिकेल्सन, हेन्रिक टॉफ्ट सोरेन्सन आणि त्यांचे सहकारी, तसंच अमेरिकेतल्या बॉस्टन विद्यापीठाचे एलिझाबेथ हॅच, लॉरेन वाइज आणि केनेथ रॉथमन यांनी ‘स्नार्ट ग्राविड’, म्हणजे ‘लवकरच गरोदर’ या नावाचा अभ्यास सुरू केला. नेटडॉक्टर या डॅनिश लोकांच्या परिचयाच्या आरोग्यविषयक संकेतस्थळावर जाहिरात दिली. ती वाचून 18 ते 40 वयाची, जोडीदारासोबत राहणारी, मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणारी आणि वंध्यत्वाचे उपचार न घेणारी स्त्री स्वतःहून नाव नोंदवू शकत होती. पहिली प्रश्नावली मोठी. मग दर दोन महिन्यांनी एक छोटी, गर्भ राहीपर्यंत किंवा वर्ष पुरं होईपर्यंत. कुठे जायचं नाही, कुणासमोर बसायचं नाही. डेन्मार्कमध्ये 1968 पासून प्रत्येक नागरिकाला नोंदणी क्रमांक आहे. त्या आधारे पुढे जन्माच्या आणि रुग्णालयांच्या नोंदीही जोडून पाहता येत होत्या.

पहिल्या सहा महिन्यांतच दोन हजारांहून अधिक स्त्रिया आल्या. 52 हजार पत्रांनी जेवढी जोडपी दिली होती, त्याच्या कितीतरी पट.

लगेच शंका उभी राहिली. संगणकावर स्वतःहून येणाऱ्या स्त्रिया म्हणजे सगळ्या स्त्रिया नव्हेत, मग त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष किती खरा? शंका रास्त होती, आणि ती तपासायची सोय डेन्मार्कमध्ये होती. अभ्यासातल्या ज्या स्त्रियांना मुलं झाली, त्यांची तुलना संशोधकांनी देशाच्या जन्मनोंदींतल्या सगळ्या मातांशी करून पाहिली. वय, धूम्रपान, वजन यांचे बाळावर होणारे परिणाम दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले. स्वतःहून आलेल्या स्त्रिया काही बाबतींत वेगळ्या होत्या, पण कारण आणि परिणाम यांचं नातं त्यांच्या शरीरातही तेच होतं. हा निष्कर्ष 2016 मध्ये छापला गेला आणि ऑनलाइन अभ्यासांचा पाया पक्का झाला.

माणसं वाढल्यावर काय होतं, याचं उदाहरण डेन्मार्कनेच दिलं. पत्रांतून मिळालेल्या 430 जोडप्यांच्या आधारे 1998 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं होतं की आठवड्याला पाच किंवा त्याहून कमी पेले दारू घेणाऱ्या स्त्रियांनाही गर्भ राहायला वेळ लागतो. अठरा वर्षांनी त्याच नियतकालिकात, ऑनलाइन आलेल्या 6,120 स्त्रियांच्या माहितीवरून, आठवड्याला चौदाहून कमी पेल्यांचा असा परिणाम दिसत नाही, त्यापुढे मात्र शक्यता घटते, असं निघालं. गर्भ राहिल्यावर दारूचा गर्भाला धोका असतो, ती बाब वेगळी आणि ती बदललेली नाही. पण आपण दोन घोट घेतले म्हणून मूल होत नाही, ही टोचणी घेऊन जगणाऱ्या बायकांना हे उत्तर मिळायला हजारो स्त्रियांनी प्रश्नावल्या भराव्या लागल्या.

2011 मध्ये डेन्मार्कचा अभ्यास ‘स्नार्ट फोरेल्द्रे’, म्हणजे ‘लवकरच आईबाप’ या नावाने पुढे गेला आणि त्यात पुरुषांनाही बोलावलं गेलं. 2013 च्या जूनमध्ये बॉस्टन विद्यापीठात लॉरेन वाइज यांच्या नेतृत्वाखाली ‘प्रेग्नन्सी स्टडी ऑनलाइन’, थोडक्यात ‘प्रेस्टो’ सुरू झाला. अमेरिका आणि कॅनडातल्या 21 ते 45 वयाच्या स्त्रिया आणि इच्छा असेल तर त्यांचे जोडीदार, दर आठ आठवड्यांनी प्रश्नावली.

या तिन्ही अभ्यासांतल्या 17,954 स्त्रियांची माहिती एकत्र करून 2020 मध्ये एका जुन्या भीतीचं उत्तर दिलं गेलं. गोळ्या घेतल्या की पुढे मूल होत नाही, असं घरोघरी सांगितलं जातं. आकडे असे निघाले: गोळ्या बंद केल्यावर सुफलता पूर्ववत व्हायला साधारण तीन मासिक चक्रं लागतात, तांबी किंवा संप्रेरकाची कॉइल काढल्यावर दोन, इंजेक्शनांनंतर मात्र पाच ते आठ. त्यानंतर फरक उरत नाही. आयुष्यात एकूण किती वर्षं साधन वापरलं, याचाही संबंध दिसला नाही. भारतात सरकारी कुटुंबनियोजनात अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दिलं जातं. ते घेणाऱ्या स्त्रीला हा पाच ते आठ चक्रांचा हिशेब आधीच सांगितला, तर पुढचे कित्येक महिने ती स्वतःला दोष देणार नाही.

पुरुषांचं येणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 2018 मध्ये प्रेस्टोच्या माहितीवरून दिसलं की रोज साखरेचं शीतपेय पिणाऱ्यांमध्ये दर चक्रात गर्भ राहण्याची शक्यता सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होती, मग पिणारी बाई असो की पुरुष. मूल न होण्याचं ओझं ज्या समाजात बाईच्या पदरात टाकून सगळे मोकळे होतात, तिथे अशा एका आकड्याचं मोल मोठं आहे.

मग कोविड आला. 2020 च्या डिसेंबरमध्ये लसीकरण सुरू होताच लसीने मूल होत नाही अशी अफवा देशोदेशी फिरू लागली. भारतातही 2021 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला तिचा खुलासा करावा लागला. त्या वेळी नवा अभ्यास उभारून, माणसं शोधून उत्तर द्यायला वर्षं गेली असती. प्रेस्टो मात्र आधीच चालू होता. त्याने प्रश्नावलीत लसीचा आणि आजाराचा प्रश्न घातला. 2022 च्या जानेवारीत 2,126 जोडप्यांवरचा निष्कर्ष छापून आला. पत्नीने किंवा पतीने लस घेतल्याने गर्भधारणेच्या शक्यतेत फरक पडत नाही. उलट पुरुषाला गेल्या साठ दिवसांत कोविड होऊन गेला असेल, तर ती शक्यता काही काळ सुमारे 18 टक्क्यांनी घटते. अफवा लसीवर होती, परिणाम आजाराचा निघाला.

एवढं मिळूनही एक मोठी उणीव राहिलीच. प्रेस्टोत येणाऱ्या स्त्रियाही बहुतांशी गोऱ्या आणि शिकलेल्या होत्या. एका गटातली तुलना खरी असू शकते, हे रॉथमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं आहे आणि ते पटतं. पण जे गटात नाहीत त्यांचे प्रश्न कुणी विचारतच नाही. उसाच्या फडात वाकून तोडणी करणाऱ्या, अंगात रक्त कमी असलेल्या, सोळा-सतराव्या वर्षी लग्न झालेल्या बाईचा प्रश्न बॉस्टनच्या प्रश्नावलीत नसतो, आणि तिचं उत्तर तिथल्या उत्तरांतून काढता येत नाही.

दुसरी काळजी गुप्ततेची. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर तिथल्या बायकांनी पाळीच्या नोंदी ठेवणारी ॲप्स फोनमधून पुसायला सुरुवात केली. आपल्याकडे धोका वेगळा आहे. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, 1988 साली. तो कायदा का करावा लागला हे आपण विसरलेलो नाही. इतक्या लवकर कळलेली गर्भाची बातमी कुणाच्या हाती पडते, यावर त्या बाईचं आयुष्य ठरू शकतं.

तरीही हा मार्ग आपल्याला परका नाही. समोर बसून बोलता येत नाही ते लिहून विचारता येतं, हे मराठी माणसाला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखवलं. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचकांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरं दिली. त्या उत्तरांसाठी 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. डेन्मार्कच्या स्त्रियांनी पडद्यापुढे बसून जे मोकळेपणाने लिहिलं, ते लिहायची गरज इथेही होती आणि आहे.

महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याच्या यंत्रणेत जननक्षम जोडप्यांची नोंदवही असते. गावोगावच्या आरोग्यसेविका आणि आशाताई तिच्यात नावं लिहितात. कोणतं जोडपं कोणतं साधन वापरतं, कुणाची शस्त्रक्रिया झाली, हे त्यात असतं. मूल नको असलेल्यांसाठी ही वही तयार झाली. तिच्यातच मूल हवं असलेल्यांची नावंही आहेत, पण त्यांना विचारायचे प्रश्न तिच्यात नाहीत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत दारात जाऊन पाळीची तारीख विचारता आली. आज जिथे फोन आहे तिथे फोनवर आणि नाही तिथे आशाताईच्या तोंडून तेच विचारता येईल. अट एवढीच की उत्तर देणाऱ्या बाईची माहिती सासर, माहेर, मालक आणि सरकार यांच्यापैकी कुणाकडेही तिच्या मर्जीविरुद्ध जाणार नाही, प्रश्न नवऱ्यालाही विचारले जातील, आणि निघालेलं उत्तर आधी तिच्यापर्यंत, तिच्या भाषेत पोचेल.

ब्रुकलाइनच्या स्त्रियांनी तारखा लिहिल्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या स्त्रियांनी बाटल्या भरल्या, पुण्याजवळच्या बायकांनी दर महिन्याला दार उघडलं, डेन्मार्क आणि बॉस्टनच्या अभ्यासांत हजारो जणींनी प्रश्नावल्या भरल्या. त्यांच्या सहकार्यावर उभ्या असलेल्या ज्ञानाचा फायदा आज ज्यांना होतो, त्यांत आपल्याकडच्या बायका फार थोड्या आहेत. सार्वजनिक पैशातून गर्भधारणापूर्व आरोग्याचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास महाराष्ट्रात उभा करणं आपल्या आवाक्यातलं काम आहे. त्यासाठी लागणारी माणसं, अनुभव आणि नोंदवही आपल्याकडे आहे. ते सुरू करण्याची मागणी आपण करायला हवी.